बंगळूरच्या प्रयोगशाळेतील एक स्थिरांक

तांब्याचा काळवंडलेला हंडा चिंचेने घासावयाचा असला, तर चिंच दाट कोळावी, फार पाणी घालू नये, हे घरातील कोणतीही वडीलधारी स्त्री सांगेल. दाट कोळाने डाग चटकन निघतो, पातळ पाण्याने फार वेळ लागतो. स्वयंपाकघरातील हा अनुभव पुरातन आहे. पण तो अंकांत मांडावा, दाट म्हणजे किती दाट आणि चटकन म्हणजे किती चटकन ह्यांचा हिशेब करावा, असे माणसाला फार उशिरा सुचले. रसायनशास्त्राने पदार्थ कोणते, ते कशापासून होतात आणि किती वजनाचे किती वजनाशी संयोग पावतात, हे प्रश्न आधी सोडविले. रासायनिक विक्रियेला वेळ किती लागतो, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणी फारसा विचारला नव्हता.

त्या प्रश्नाच्या इतिहासातील एक लहानसे प्रकरण बंगळूर शहरात घडले. त्यात एक इंग्रज प्राध्यापक आहे आणि भिडे आडनावाचा एक संशोधक आहे. त्यांनी मिळून केलेली काही मोजमापे १९२५ साली प्रसिद्ध झाली. ती सर्वसामान्य वाचकाच्या कानी कधीच गेली नाहीत. परंतु आज आपल्या अंगावर जे टेरिलिनचे किंवा नायलॉनचे वस्त्र असते, त्याचे धागे कसे तयार होतात हे शिकविणाऱ्या प्रमाण पाठ्यपुस्तकांत ती मोजमापे अजूनही दिलेली असतात. हे कसे घडले, ते समजण्यासाठी प्रथम आपणांस बंगळूरपासून दूर, जर्मनीतील हायडेलबर्ग येथे जावे लागेल.

हायडेलबर्ग येथे लुडविग विल्हेल्मी नावाच्या शास्त्रज्ञाने १८५० साली उसाच्या साखरेवर एक प्रयोग केला. साखरेच्या पाण्यात थोडे अम्ल घातले म्हणजे साखरेचा रेणू हळूहळू फुटतो आणि त्याच्या दोन निराळ्या साखरा होतात. मूळ साखर प्रकाशाची पातळी उजवीकडे वळविते. फुटून झालेले मिश्रण ती डावीकडे वळविते. त्यामुळे द्रावाला हात न लावता, त्यातून केवळ प्रकाश पाठवून, कोणत्या क्षणी किती साखर उरली आहे हे विल्हेल्मीला वाचता येत होते. त्याला असे आढळले की, साखर फुटण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. साखर निम्मी उरली की वेगही निम्मा होतो. चतुर्थांश उरली की वेगही चतुर्थांश. म्हणजे पहिल्या तासात शंभरांतील पन्नास भाग संपले, तर दुसऱ्या तासात उरलेले पन्नास संपत नाहीत, पंचवीसच संपतात. तिसऱ्या तासात साडेबारा. विक्रिया जसजशी पुढे जाते तसतशी ती मंदावत जाते, आणि हे मंदावणे यदृच्छेने होत नाही, त्याला गणिताचा नेम आहे.

विल्हेल्मीचा निबंध प्रसिद्ध झाला आणि विस्मृतीत गेला. तीसएक वर्षांनी ऑस्टवाल्डने त्याकडे लक्ष वेधले तेव्हा त्याचे मोल लोकांना उमगले. दरम्यान इतरत्र हाच विचार वेगवेगळ्या वाटांनी पुढे चालला होता. १८६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये बर्थेलो आणि पेआं द सँ-झील ह्यांनी अम्ल आणि अल्कोहॉल ह्यांचा संयोग अभ्यासिला. ह्या संयोगातून जो पदार्थ होतो त्याला एस्टर म्हणतात, आणि सोबत पाणी सुटते. पिकलेल्या फळांच्या सुवासात अशा एस्टरांचा मोठा भाग असतो. नॉर्वेमध्ये गुल्डबर्ग आणि वॉगे ह्या नात्याने मेहुणे असलेल्या दोघांनी १८६४ साली असे प्रतिपादन केले की, विक्रियेची प्रेरणा ही विक्रिया करणाऱ्या पदार्थांच्या एकूण वजनावर अवलंबून नसते. एका ठराविक घनफळात ते पदार्थ किती आहेत, ह्यावर ती अवलंबून असते. ह्यालाच आपण संहती म्हणतो. त्यांचा निबंध नॉर्वेच्या भाषेत होता. तोही काही वर्षे दुर्लक्षितच राहिला. ऑक्सफर्डमध्ये हारकोर्ट ह्या रसायनशास्त्रज्ञाने आणि एसन ह्या गणितज्ञाने त्याच दशकात घड्याळ हाती धरून विक्रियांचे वेग मोजले. १८८४ साली हॉलंडच्या व्हान्ट हॉफने आपल्या ग्रंथात ह्या सर्व विषयाची नीट घडी बसविली.

संहतीचा वेगाशी संबंध का असावा? ह्याचे कारण एखाद्या यात्रेचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे ध्यानात येईल. मैदानात दोन गावांची माणसे फिरत आहेत, आणि एका गावच्या माणसाची दुसऱ्या गावच्या माणसाशी गाठ पडली तरच काही व्यवहार होतो, असे समजा. एका गावची माणसे दुप्पट झाली की गाठीभेटी दुप्पट होतील. दोन्ही गावची दुप्पट झाली तर चौपट होतील. माणसे तितकीच ठेवून मैदान मोठे केले तर भेटी कमी होतील. रेणूंचेही असेच आहे. त्यांची टक्कर झाल्यावाचून संयोग नाही. प्रत्येक टक्कर फळास येते असेही नाही. बहुतेक टकरी व्यर्थच जातात. परंतु शंभर टकरींतून किती फळास यावयाच्या हे त्या पदार्थांच्या स्वभावावर आणि तापमानावर ठरत असल्यामुळे, टकरी दुप्पट झाल्या की फळेही दुप्पट होतात.

ह्या नियमातून एक फार उपयुक्त गोष्ट हाती येते. वेग हा संहतीच्या प्रमाणात बदलत असेल, तर वेगाला संहतीने भागल्यावर जी संख्या मिळते ती बदलत नाही. विक्रियेच्या आरंभी मोजा, मध्ये मोजा, शेवटी मोजा; दाट द्रावात मोजा, विरळ द्रावात मोजा; ती संख्या तीच राहते. हिला वेगस्थिरांक म्हणतात. वेगामध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: पदार्थ किती आहे ही एक, आणि पदार्थ कसा आहे ही दुसरी. स्थिरांकातून पहिली गोष्ट वजा होते आणि दुसरी तेवढी उरते. दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला दहा पृष्ठे आणि दुसऱ्याला वीस पृष्ठे वाचावयास देऊन कोण आधी उठला एवढेच पाहिले, तर वाचनाची गती कळत नाही. प्रत्येकाची पृष्ठे मोजून हिशेब केला तरच ती कळते. संहतीचा नियम हाती आल्यावर रसायनशास्त्रज्ञाला दोन पदार्थांच्या स्वभावांची अशी तुलना करता येऊ लागली.

ही तुलना हाच ज्याच्या आयुष्यातील एक प्रमुख उद्योग झाला, तो जे. जे. सडबरो. तरुणपणी तो हायडेलबर्गला व्हिक्टर मायर ह्या विख्यात रसायनशास्त्रज्ञाकडे काम करीत होता. १८९४ मध्ये मायर आणि सडबरो ह्यांनी दाखवून दिले की, काही अम्लांचे एस्टर सहजासहजी होत नाहीत, कारण अम्लाच्या क्रियाशील भागाच्या अगदी शेजारी दुसरे अणुगट ठाण मांडून बसलेले असतात आणि अल्कोहॉलाला जवळ येऊ देत नाहीत. पुढे वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे प्राध्यापक असताना सडबरोने अनेक अम्लांचे एस्टरीकरणाचे स्थिरांक मोजले. तेथून तो बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आला आणि हा विषय त्याच्याबरोबर आला.

ह्या संस्थेची कथा आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. जमशेटजी टाटा ह्यांनी तिच्यासाठी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा देऊ केला. तिची जागा कोठे असावी हे पाहण्यासाठी सर विल्यम रॅम्झी हिंदुस्थानात आले आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली. जमशेटजी १९०४ साली निवर्तले. संस्थेच्या स्थापनेचा हुकूम १९०९ च्या मे महिन्यात निघाला, आणि १९११ च्या जुलैमध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. रॅम्झी ह्यांचे सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स हे पहिले संचालक. पहिले शिकविले जाणारे विषय होते रसायनशास्त्र आणि विद्युत्-तंत्र. बंगळूरचे लोक तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत.

देशाच्या उद्योगधंद्यांस साहाय्य व्हावे हा संस्थेच्या स्थापनेमागील हेतू होता, आणि रसायन विभागाने त्या दृष्टीने काम केलेही. म्हैसूर राज्यातील चंदनाचे लाकूड पूर्वी युरोपात जाऊन तेथे त्याचे तेल निघत असे. पहिल्या महायुद्धात हा व्यापार अडला, तेव्हा सडबरो आणि त्यांचे सहकारी प्राध्यापक वॉटसन ह्यांनी चंदनतेल काढण्याची रीत संस्थेत सिद्ध केली, आणि १९१६ साली बंगळुरात सरकारी कारखाना सुरू झाला. ह्या तेलाची प्रत ठरविताना त्या काळी त्यातील सँटॅलॉल नावाच्या अल्कोहॉलाचा एस्टर करून त्याचे प्रमाण काढीत. म्हणजे एस्टरांचे ज्ञान हे त्या प्रयोगशाळेत केवळ पुस्तकी नव्हते.

तरीही संस्थेवर टीका होत असे. एवढा पैसा ओतून देशाला काय मिळाले, असे विचारले जाई. उलट पक्षी, मूलभूत संशोधनाकडे दुर्लक्ष होते असेही काही म्हणत. १९२१ साली सर विल्यम पोप ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती संस्थेच्या कामाची पाहणी करण्यासाठी नेमली गेली. ज्या काळात प्रत्येक काम उपयोगाच्या तराजूत तोलले जात होते, त्याच काळात सडबरो आणि बी. व्ही. भिडे हे दोघे वसाम्लांच्या एस्टरीकरणाचा वेग मोजीत बसले होते. ह्या कामाचा उपयोग काय, असे त्यांना कोणी विचारले असते, तर ‘अम्लाची साखळी लांबली म्हणजे त्याच्या स्वभावात काय फरक पडतो हे कळेल’ ह्यापलीकडे दुसरे प्रामाणिक उत्तर त्यांना देता आले नसते.

वसाम्ले आपल्या रोजच्या परिचयाची आहेत. व्हिनेगरमध्ये ॲसिटिक अम्ल असते. खवट लोण्याला जो वास येतो तो ब्युटिरिक अम्लाचा. खोबरेल तेलात लॉरिक अम्लाचा वाटा सर्वांत मोठा असतो. चरबीत आणि वनस्पतिजन्य तेलांत पामिटिक व स्टिअरिक अम्ले आढळतात. ह्या सर्वांची ठेवण एकच. एका टोकाला कार्बॉक्सिल नावाचा क्रियाशील गट, आणि त्याच्यामागे कार्बन अणूंची शेपटी. ॲसिटिक अम्लात ही शेपटी एकाच कार्बनाची असते, ब्युटिरिकमध्ये तिनांची, लॉरिकमध्ये अकरांची आणि स्टिअरिकमध्ये सतरांची. अल्कोहॉलाशी संयोग होतो तो फक्त टोकाच्या गटाचा. शेपटी जशीच्या तशी राहते.

आता प्रयोग पाहू. अम्ल शुद्ध अल्कोहॉलात विरघळवावयाचे आणि त्यात थोडा हायड्रोक्लोरिक अम्ल वायू सोडावयाचा. हा तिसरा पदार्थ स्वतः खर्च होत नाही. तो उत्प्रेरक म्हणून काम करतो. तथापि वेग त्याच्याही संहतीच्या प्रमाणात असतो, म्हणून ती काटेकोरपणे ठाऊक असावी लागते. अल्कोहॉल मात्र इतके विपुल असते की त्याच्या खर्चाचा विचार करण्याचे कारण पडत नाही. एका लिटर शुद्ध अल्कोहॉलात सुमारे सतरा मोल अल्कोहॉल असते. त्यात अर्धा मोल अम्ल घातले आणि ते सगळे संपले, तरी अल्कोहॉल शेकडा तीनांनीच घटते. अशा रीतीने तीन बदलत्या गोष्टींपैकी दोन जवळजवळ स्थिर केल्या म्हणजे वेग अम्लाच्या संहतीवरच अवलंबून राहतो, आणि विल्हेल्मीच्या साखरेसारखा सोपा हिशेब लागू पडतो.

ह्यात सावधगिरी दोन गोष्टींची. पहिली पाण्याची. पाणी अल्पांशाने जरी असले तरी ते हायड्रोक्लोरिक अम्लाची शक्ती हिरावून घेते आणि विक्रिया मंदावते. म्हणून अल्कोहॉल निर्जल करून घ्यावे लागते. विक्रियेतून पाणी सुटतच असते, त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. दुसरी सावधगिरी तापमानाची. दहा अंश तापमान वाढले की पुष्कळ विक्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो, म्हणून एखाद्या अंशाच्या चढउतारानेही आकडे बिघडतात. ही मोजमापे २५ अंश सेल्सिअसला केलेली आहेत. तेथे बाटल्या तापमान स्थिर राखणाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवणे भाग असते. मग ठरलेल्या वेळी पिपेटने थोडा द्राव काढावयाचा आणि ब्युरेटमधून अल्कलीचा द्राव थेंब थेंब सोडून किती अम्ल उरले ते पाहावयाचे. पुन्हा काही वेळाने तेच. एक अम्ल संपले की दुसरे घ्यावयाचे, त्याच्यासाठी पुन्हा सगळे पहिल्यापासून.

तुलना न्याय्य व्हावयाची तर आणखी एक पथ्य पाळावे लागते. एक मोल ॲसिटिक अम्लाचे वजन ६० ग्रॅम, एक मोल स्टिअरिक अम्लाचे २८४ ग्रॅम. दोन्ही अम्ले समान वजनाने घेतली तर ॲसिटिकचे रेणू स्टिअरिकच्या पावणेपाच पट होतील. तराजू समान वजन दाखवील, पण यात्रेतील माणसांची संख्या समान असणार नाही. म्हणून संहती मोजावयाची ती रेणूंच्या संख्येने, मोलमध्ये.

एवढे सगळे सांभाळून जे स्थिरांक मिळाले ते संस्थेच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात छापले गेले. आजची पाठ्यपुस्तके ते ज्या एककांत देतात, त्यांत ॲसिटिक अम्लाचा आकडा २२·१ आहे. त्याच्या पुढच्या, म्हणजे दोन कार्बनांची शेपटी असलेल्या प्रोपिऑनिक अम्लाचा १५·३. तिसऱ्या, ब्युटिरिक अम्लाचा ७·५. इथवर आकडा झपाट्याने उतरतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की, शेपटी वाढत गेली म्हणजे तो असाच उतरत जाऊन शून्याकडे पोहोचेल. पण तसे होत नाही. चौथ्या अम्लाचाही आकडा ७·५ च. आठ कार्बनांची शेपटी, ७·५, अकरांची, ७·६, सतरांची, ७·७. तिसऱ्या पायरीवर उतार संपतो आणि पुढे सपाट माळ लागतो.

ह्याचा अर्थ असा की, क्रियाशील गटाला त्रास होतो तो फक्त त्याच्या निकटच्या शेजाऱ्यांचा. पहिले दोन-तीन कार्बन अणू अल्कोहॉलाच्या वाटेत येतात, ही मायर आणि सडबरो ह्यांनी हायडेलबर्गला पाहिलेल्या अडवणुकीचीच सौम्य आवृत्ती होय. त्यांच्या पलीकडे शेपटी तीन कार्बनांची आहे की सतरा कार्बनांची, ह्याची त्या गटाला खबरही नसते. लहान रेणूच्या टोकाला जे बळ, तेच मोठ्या रेणूच्या टोकाला.

निबंध छापला गेला आणि कपाटात जाऊन बसला. विल्हेल्मीच्या आणि गुल्डबर्ग-वॉगे ह्यांच्या निबंधांची जी गत झाली होती, तीच ह्याचीही झाली असती, तर आश्चर्य वाटले नसते. परंतु त्याच सुमारास जगात दुसरीकडे एक निराळाच वाद चालू होता. रबर, रेशीम, कापूस हे पदार्थ हजारो अणूंच्या अतिदीर्घ साखळ्यांचे बनलेले आहेत, हे मत हळूहळू मान्य होत होते. अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत कॅरोथर्स हा शास्त्रज्ञ अशा साखळ्या मुद्दाम बनवू लागला. दोन्ही टोकांना अम्लाचा गट असलेला रेणू आणि दोन्ही टोकांना अल्कोहॉलाचा गट असलेला रेणू एकत्र आणले, की एस्टरीकरण होऊन दुवा दुव्याला जोडला जातो आणि साखळी वाढते. ह्यांना बहुवारिके म्हणतात. १९३५ साली ह्याच तत्त्वाने, अल्कोहॉलाऐवजी अमाइन घेऊन, त्याच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन ह्यांनी टेरिलिन काढले.

कॅरोथर्सच्या हाताखाली १९३४ साली पॉल फ्लोरी नावाचा तरुण आला. ह्या साखळ्यांच्या वाढीचे गणित त्याला मांडावयाचे होते. पण आरंभीच एक मोठी अडचण होती. पुष्कळांची समजूत अशी की, रेणू मोठा होत गेला की तो जड, आळशी होतो. त्याचे टोक त्याच्याच गुंत्यात हरवते. म्हणून त्याची क्रियाशीलता कमी कमी होत जाते. हे खरे असते, तर साखळीच्या प्रत्येक लांबीला निराळा स्थिरांक द्यावा लागला असता. शंभर लांबींच्या साखळ्या एका भांड्यात असतील तर शंभर स्थिरांक, आणि त्यांच्या परस्परसंयोगाचे हजारो. असे गणित कोणी करू शकला नसता.

फ्लोरीने गृहीत धरले की, टोकाच्या गटाची क्रियाशीलता साखळीच्या लांबीवर अवलंबून नसते. झाडाचे खोड जागचे हलत नाही, तरी फांदीच्या शेंड्याचे पान वाऱ्याबरोबर सळसळतच असते; तसे साखळीचे टोक भोवतालच्या टोकांवर आदळतच असते. मोठे रेणू एकमेकांजवळ उशिरा येतात हे खरे, पण आले की लवकर दूरही होत नाहीत, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या टोकांच्या अनेक टकरी होतात. हे झाले तर्काचे समर्थन. प्रयोगाचे समर्थन ज्या आकड्यांनी मिळते, त्यांत भिडे आणि सडबरो ह्यांचा तो सपाट माळ आहे: ७·५, ७·५, ७·६, ७·७. बहुवारिकांच्या रसायनशास्त्राची प्रमाण पाठ्यपुस्तके हे तत्त्व शिकविताना हीच सारणी देतात आणि तिच्याखाली बंगळूरच्या नियतकालिकाचा १९२५ सालचा निर्देश करतात. फ्लोरीला पुढे १९७४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या ठिकाणी संहती ह्या शब्दाचा अर्थही अधिक सूक्ष्म झाला. गुल्डबर्ग आणि वॉगे ह्यांनी वजनाऐवजी ठराविक घनफळातील प्रमाण मोजावे असे सांगितले. नंतरच्यांनी ग्रॅमऐवजी रेणू मोजले. बहुवारिकांच्या बाबतीत रेणूही मोजावयाचे नाहीत. मोजावयाचे ते क्रियाशील गट, मग ते कोणत्याही लांबीच्या साखळीला लागलेले असोत. सगळ्या टोकांचे बळ समान असल्यामुळे भांड्यातील सारा गुंता एकाच संहतीच्या आणि एकाच स्थिरांकाच्या हिशेबात बसतो.

ह्या हिशेबाचा व्यवहारात किती उपयोग होतो ते एका उदाहरणाने सांगतो. अम्लाचे गट आणि अल्कोहॉलाचे गट समसमान घेतले आणि शंभरांतील ९५ जोडले गेले, तर साखळी सरासरीने वीस दुव्यांची होते. ९९ जोडले गेले तर शंभर दुव्यांची. चांगला धागा निघावयाचा तर शेवटचे हे चारपाच टक्केच महत्त्वाचे. पण तोवर मोकळे गट विरळ झालेले असतात आणि दोन्ही बाजूंची संहती घटल्यामुळे वेग फार पडलेला असतो. उत्प्रेरक स्थिर ठेवून हिशेब केला, तर पहिल्या ९५ टक्क्यांना एक तास लागल्यास ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचण्यास पाच तासांहून थोडे अधिक लागतात. एखाद्या यात्रेत उशिरापर्यंत थांबलेल्या थोड्या माणसांनी मोठ्या मैदानात एकमेकांस शोधावे, तशी ही स्थिती. म्हणूनच कारखान्यात तापमान वाढवितात, उत्प्रेरक घालतात, सुटणारे पाणी काढून घेतात. चिंचेच्या पातळ पाण्याने हंडा उशिरा निघतो, त्याच नियमाचे हे दुसरे रूप होय.

१९२५ साली बंगळुरात ब्युरेटसमोर उभ्या असलेल्या संशोधकास ह्यातले काहीच माहीत असणे शक्य नव्हते. नायलॉन दहा वर्षे दूर होते. उपयोगाच्या तराजूत त्या दिवशी त्याचे काम तोलले असते, तर पारडे रिकामे दिसले असते. पण ज्याने अल्कोहॉल नीट निर्जल केले, तापमान ढळू दिले नाही आणि सतरा कार्बनांच्या अम्लाला ७·७ हा आकडा मिळाला तेव्हा तो अपेक्षेच्या उताराशी जुळविण्याचा मोह धरला नाही, त्याचे आकडे दुसऱ्या कोणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर होऊन बसले. ती सारणी अशी नेटकी नसती, तर पुढे कोणाला तिचा आधार घेता आला नसता.

बी. व्ही. भिडे हे नाव पुढे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील महाराजा प्रतापसिंह रसायन प्रयोगशाळेतून निघालेल्या निबंधांवर दिसते. वनस्पतींतील रासायनिक द्रव्यांच्या संशोधनावर ते निबंध आहेत. आपल्या महाराष्ट्रात ह्या नावाचा फारसा बोलबाला नाही. मात्र जगातील कोणत्याही देशात बहुवारिकांचे शास्त्र शिकणारा विद्यार्थी पहिल्या काही प्रकरणांतच त्या सारणीपाशी येतो, आणि तिच्याखाली त्याला बंगळूर येथील एका नियतकालिकाचा निर्देश आणि एक मराठी आडनाव वाचावयास मिळते. त्या आकड्यांवर विश्वासून तो पुढचे गणित सोडवू लागतो.